खुष्कीचा एक मार्क

खुष्कीचा मार्ग म्हणजे खुशीचा मार्ग, असं मी आठवीच्या बेचाळीस पोरापोरींना शिकवलं. नुसतं तोंडी नाही. फळ्यावर लिहून दिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि ‘परीक्षेला येतंय, वहीत घ्या’ असंही वर सांगितलं. परीक्षेला आलंच, कारण पेपर मीच काढला होता.

माझ्या बाजूनं सांगण्यासारखं जे थोडंफार आहे ते आधीच सांगून घेतो. पुढं संधी मिळायची नाही. मी पीटीचा शिक्षक. शिट्टी, फक्की, कवायत, खो-खोचे खांब आणि पंधरा ऑगस्टचं लेझीम, एवढंच माझं राज्य. इतिहासाशी माझा संबंध दहावीला आला होता आणि आम्ही दोघांनीही तो तिथंच संपवला होता. पण त्या वर्षी माझे आठवड्याचे तास कमी भरत होते. हेडसर म्हणाले, “आठवीचा इतिहास घ्या की. इतिहासाला काय लागतंय? वाचून दाखवायचं अन् प्रश्न लिहून द्यायचे.”

मलाही तसंच वाटलं. पहिल्याच आठवड्यात मी युरोपचा धडा उघडला. तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल घेतलं, त्यामुळं आशियाकडं येणारे खुष्कीचे मार्ग बंद झाले, म्हणून युरोपातल्या लोकांनी समुद्रातून वाट शोधली. ‘खुष्की’ या शब्दापाशी मी अडलो. अगदी घोट गिळण्याइतका वेळ. कोशात बघावं, कुणाला विचारावं, असलं काही मनात आलं नाही. जे आलं ते तोंडातून बाहेर पडलं.

“खुष्की म्हणजे खुशी. व्यापारी त्या रस्त्यानं खुशीत जायचे. उंटांच्या गळ्यात घुंगरं, गाणी, जागोजागी मुक्काम, खाणंपिणं. तुर्कांनी ती खुशी बंद केली. मग बिचाऱ्यांना बोटीत बसावं लागलं. बोट लागली, उलट्या झाल्या, तवा कुठं हिंदुस्थान सापडला.”

सांगायला लाज वाटते, पण तास असा रंगला होता म्हणून सांगू! पोरं खिदळत होती, मी टेबलावर बसून उलटीची नक्कल करत होतो. चूक त्या धड्यात इतकी चपखल बसली की खऱ्या अर्थाला तिथं जागाच उरली नाही. मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला होता. मी म्हटलं, “शंका शेवटी.” शेवटी घंटा झाली.

तो तास मुळात माझा नव्हताच. ज्यांचा होता ते त्याच वेळी चार भिंती पलीकडं पाचवीच्या वर्गात परिसर अभ्यास शिकवत होते, आणि त्या शिक्षेचं कारण असं होतं की ते इतिहास फार शिकवायचे.

सगळी शाळा त्यांना ‘चौदाशे त्रेपन्न’ म्हणायची. कॉन्स्टॅन्टिनोपल पडलं ते साल. भूमच्या पुढं माळावरचं आमचं गाव. तिथल्या पानपट्टीवाल्यालासुद्धा हे साल पाठ होतं, मात्र त्या साली काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. “चौदाशे त्रेपन्न निघाले बगा यष्टीला,” असं तो म्हणायचा. सरांना हे नाव माहीत होतं. त्यांना त्याचा राग नव्हता. त्यांना राग बाकी सगळ्याचा होता.

राग हाच त्यांचा विषय होता, इतिहास ही त्याला मिळालेली सोय. वर्षाच्या पहिल्या तासाला ते पोरांना सांगायचे, “ज्या सनाचा राग येत न्हाय, तो सन पाठ करू नका. मार्क गेले तर जाऊ द्या, म्या बगतो.” चारशे-पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर ते काल बांधावरून भांडण झाल्यासारखे चिडायचे. एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, “पापमुक्तीच्या चिठ्ठ्या इकत व्हती ती माणसं. चिठ्ठ्या! देवाच्या नावानं!” मला वाटलं गावात काहीतरी झालंय. मी विचारलं, “कुणी सर? कवा?” तर म्हणाले, “युरोपात. पंधराव्या-सोळाव्या शतकात.” आणि खरोखर त्यांनी पुढचा घास घेतला नाही.

त्यांच्याकडं जगाचा एक कापडी नकाशा होता. गुंडाळी करून तो काखेत मारून ते वर्गात जायचे, तसेच हॉटेलात चहाला जायचे, आणि एकदा एका लग्नात तो आहेर समजून कुणीतरी आत नेऊन ठेवला होता, तेव्हा अक्षता सोडून ते नकाशा हुडकत फिरले होते. त्या नकाशात कॉन्स्टॅन्टिनोपलच्या जागी भोक होतं. तीस वर्षं बोट ठेवून ठेवून कापड विरून गेलं होतं. पोरं म्हणायची, तुर्कांनी नुसतं घेतलं, सरांनी पार नाहीसं केलं.

पुस्तकावरही त्यांचा डोळा असायचा. ‘नव्या खंडाचा शोध लागला’ हे वाक्य आलं की ते वाचणाऱ्या पोराला मध्येच थांबवायचे.

“कुणाला लागला?”

“खलाशाला, सर.”

“तिथं माणसं न्हवती व्हय?”

“व्हती, सर.”

“मग? गेल्या साली बीडीओसाहेब पहिल्यांदा आपल्या गावात आले. गावाचा शोध लागला म्हणायचं का? तुझी आजी तवा काय करत व्हती? शोध लागायची वाट बगत बसली व्हती?”

मग वहीत ‘शोध लागला’ खोडून ‘बाहेरची माणसं येऊन पोचली’ असं लिहायचं. परीक्षेत तसंच लिहायचं. तपासणारे तेच असल्यामुळं ते चालायचं.

सरंजामशाहीचा धडा तर तालुक्यात गाजला. त्यांनी दोघातिघांना राजा आणि सरदार करून पंख्याखाली बसवलं. बाकी पस्तीस-चाळीस जणांना वर्गातली सगळी बाकं उचलून मैदानात न्यायला लावली. नेली. मग म्हणाले, “आता परत आणा.” आणली. पुन्हा न्यायला लावली. चैत्रातलं ऊन. तिसऱ्या खेपेला एका पोरानं बाक दाणकन आपटला.

सर म्हणाले, “राग आला का?”

“आला, सर.”

“कुणाचा? भ्यायचं न्हाय.”

“तुमचा, सर.”

“शाबास. आन् पंख्याखालच्यांचा?”

“त्येंचा लई.”

“बसा आता. लिहा. सरंजामशाही.”

तेवढ्यात मैदानात विखुरलेली बाकं बघून हेडसर धावत आले. त्यांना वाटलं छत पडलं. त्यांनी सरांना चार लोकांत जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पोरांकडं वळून म्हणाले, “बगा. सरंजामशाही अजून चालू हाय.”

आणि प्रबोधनाची गोष्ट. आमच्याकडं प्रबोधन म्हणजे सप्ताहातला मंडप, भोंगे, आणि ‘समाजप्रबोधनकार’ म्हणून फ्लेक्सवर छापलेले महाराज. पुस्तकात आलं, इटलीत प्रबोधन झालं. एका पोरानं प्रामाणिकपणे विचारलं, “सर, इटलीत महाराज कुठनं बोलावले व्हते?” स्टाफरूममध्ये मी हे ऐकून मांडीवर थापा मारून हसलो. सर माझ्यावर उखडले. “हसायलास काय? त्या पोरानं शब्द हातात धरून बघितला. तू बघितलास का कवा?” त्या एका प्रश्नावर त्यांनी दोन तास घेतले: आपल्याकडं हा शब्द कुठून आला, तिकडं त्याला काय म्हणतात, दोन्हींत काय सारखं आणि काय नाही.

शब्दाच्या बाबतीत ते असेच होते. त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. घरात अर्धी बोली तिकडची, अर्धी इकडची. कुठलाही शब्द आला की, “त्याला इचार, तू कुठनं आलास,” म्हणायचे. आणि हा माणूस स्टाफरूममध्ये माझ्यापासून तीन हातांवर बसत होता. तीन हात! मान वळवून नुसतं ‘सर, खुष्की म्हणजे?’ एवढं विचारायचं होतं. पण त्यांचे तास काढून मला दिले होते ना. विचारलं तर मला येत नाही हे कळेल, ही माझी अक्कल. जसं काही ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तास काढून घेतले त्याचं कारण, दिवाळी आली तरी त्यांचा दुसरा धडा संपत नसे. पालकांनी तक्रार केली, पोरांना बाकं उचलायला लावतात, मिरं चघळायला लावतात. तेही खरं होतं. मसाल्याच्या व्यापाराच्या दिवशी ते प्रत्येकाच्या जिभेवर एकेक काळं मिरं ठेवायचे, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत चावायला लावायचे आणि म्हणायचे, “ह्येच्यासाठी माणसं बुडाली, माणसं बुडवली.” मी मात्र अकरा दिवसांत तीन धडे उरकले. हेडसरांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. संध्याकाळी सर माझ्याजवळ आले, नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “भोकाला बोट लावू नको, पैलवान. वाढंल.” मी तो नकाशा लेझीमच्या कपाटावर टाकून दिला. आजही आठवलं की कान गरम होतात.

आता त्या मुलीविषयी. हात वर केला होता ती.

तिच्या घरचे मेंढ्या घेऊन पावसाळ्याचे दिवस सोडले तर बाहेरच असायचे. ती आजोबांपाशी राहून शिकत होती. आमची शाळा आठवीपर्यंत. पुढं भूमला मुलींचं वसतिगृह. तिथं ऐंशी टक्क्यांखालचा अर्जच घेत नसत. वसतिगृह मिळालं तर नववी, नाही तर जूनपासून मेंढ्यांच्या मागं. यात चर्चेला जागा नव्हती, हे तिनंच वर्गशिक्षिकेला सांगितलं होतं, अगदी उद्या बाजार आहे असं सांगावं तसं.

वार्षिक परीक्षा झाली. मी पेपर तपासले. एकेचाळीस जणांनी लिहिलं होतं, खुष्कीचा मार्ग म्हणजे खुशीचा मार्ग. काहींनी उंटांची घुंगरंही काढली होती. सगळ्यांना एक-एक मार्क दिला, घुंगरांना मनातल्या मनात शाबासकी दिली. आणि एक पेपर निघाला: ‘खुष्की म्हणजे कोरडी जमीन. जमिनीवरून जाणारा रस्ता तो खुष्कीचा मार्ग.’ मी लाल पेननं शून्य काढलं, त्याला गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘मनाचे लिहू नये.’

सरांची एक खोड होती. आपला वर्ग असो-नसो, इतिहासाचे पेपर ते वाचायचेच. खिडकीच्या कट्ट्यावर बसून, पेपरवाला वर्तमानपत्र टाकून गेल्यासारखे. मी मैदानात कबड्डीच्या रेघा आखत होतो. बघतो तर समोरून सर तरातरा येतायत, हातात एक पेपर, पायात चपला नाहीत. अर्ध्या मैदानावरची माझी ताजी फक्की तुडवत ते आले.

“पैलवान, खुशीचा मार्ग कुणी शिकवलास?”

“मीच की, सर.”

“आन् हिला भोपळा कुणी दिला?”

“वर्गात शिकवलं त्याला धरून लिहिलं न्हाय तिनं.”

सरांनी खाली वाकून मूठभर माती उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. “खुश्क म्हंजी सुकं. खुश्की म्हंजी ही. समुद्र न्हाय ती. सकाळपासनं तू तिच्यावरच चुना टाकायलास.”

मला त्या क्षणी सगळं कळलं. खरं सांगतो, शंका म्हणून उरली नाही. आणि तरी मी काय बोललो? म्हटलं, “सर, दोन्ही अर्थ होत असतील की.”

मला त्या चुकीचा राग येत नाही. चूक कुणाचीही होते. मला राग येतो तो या वाक्याचा, आणि पुढच्या दोन दिवसांचा.

“तिला ऐंशी टक्क्याला एक मार्क कमी पडलाय,” सर म्हणाले. “एक. ह्योच.”

आता माझं डोकं बघा. मी म्हटलं, “मग त्यात काय एवढं? पीटीत मी एक वाढवून देतो. पीटीचं रजिस्टर माझ्याकडंच हाय. कुणाला पत्ता लागायचा न्हाय.” वर मला वाटलं, काय तोडगा काढला! मुलीचं काम झालं, माझी अब्रू झाकली, हेडसरांना ताप नाही.

सर इतक्या मोठ्यानं ओरडले की खो-खोची पोरं खांबाला धरून उभी राहिली. “खैरात वाटायलास व्हय तिला? ती काय दारात आलीय का तुझ्या? तिचा हक हाय त्यो! इतिहासाचा मार्क हाय, इतिहासातच पायजे! तिनं बरोबर लिवलं आन् तू तिला ‘मनाचं लिहू नये’ म्हणतूस? मनाचं तू शिकवलास, शहाण्या! पाचशे वर्षांचा रस्ता तुझ्या मनानं फिरवलास!”

तिथून ते हेडसरांकडं गेले, मागोमाग मी. हेडसरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून पुसला. “निकालपत्रक लिहून झालंय. खाडाखोड चालत न्हाय. आणि हिला दिला तर एकेचाळीस जणांचा कापावा लागंल. पालक दारात येतील.”

“पोरांचा कशाला कापताव? त्येंनी शिकवलं ते लिवलं. मास्तरचा कापा.”

“हे बघा, पुस्तकात त्या शब्दाचा अर्थ दिलेला न्हाय. मग शिकवणारा सांगंल तोच अर्थ.”

“म्हंजी उद्या ह्यो पैलवान म्हणला, चौदाशे त्रेपन्न ही यष्टीची गाडी हाय, तर ते बी बरोबर?”

हे ऐकून दाराबाहेरचा शिपाई फिसकन हसला. मलाही हसू आलं असतं. पण मी हेडसरांच्या बाजूनं उभा होतो. शब्दशः. त्यांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला, हात मागं बांधून. उंटावरचा व्यापारी.

सरांनी त्या मुलीला बोलावून घेतलं. “वर्गात येगळं सांगितलं असताना तू असं का लिवलंस?”

ती आमच्याकडं बघेना. जमिनीकडं बघत म्हणाली, “सर म्हणले ते पटलं न्हाय. आमच्या आज्ज्याचं रान खुश्कीच हाय, सर. तिथं कसली आलीय खुशी?”

हेडसर म्हणाले, “ठीक आहे, जा वर्गात.” म्हणजे झालं? त्या पोरीनं एका वाक्यात माझा अख्खा धडा झोपवला, आणि आम्ही दोघं पगारी माणसं तिला ‘जा वर्गात’ म्हणतो! पण त्या दिवशी मला हा राग आला नाही. त्या दिवशी मला वाटलं, चला, सुटलो.

सर मात्र सुटणारे नव्हते. परीक्षेचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांच्या सहीशिवाय निकाल लागत नसे. त्यांनी सही केली नाही. दोन दिवस शाळेचा निकाल थांबला. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष उरलं होतं. हेडसर आधी गोड बोलले, मग कडू बोलले, मग कागदपत्रं कशी अडकतात याच्या गोष्टी सांगायला लागले. सर कट्ट्यावर बसून राहिले. मी त्यांच्यासमोरून दहा वेळा गेलो. दहाही वेळा मला वाटलं, आता बोलावं. आणि दहाही वेळा मी शिट्टी तोंडात घालून पुढं गेलो. शिट्टी तोंडात असली की बोलावं लागत नाही, हा आमच्या विषयाचा फायदा.

मार्क मिळाला, हे इथंच सांगून टाकतो, उगीच जीव टांगायला नको. मी माझ्या हातानं शून्य खोडलं, एक लिहिला, शेजारी पूर्ण सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘शिक्षकाची चूक’ असे शब्द लिहिले. निकालपत्रकात असा शेरा आमच्या शाळेत त्याआधी नव्हता, नंतरही नाही. हेडसर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मुलगी जूनमध्ये वसतिगृहात गेली. सरांना शेवटच्या वर्षी आठवी परत मिळाली. मीच अर्ज केला की मला झेपत नाही. बाकं पुन्हा मैदानात आली.

निरोपसमारंभात लोकांनी त्यांना ‘ज्ञानाचा सागर’ वगैरे म्हटलं. ते माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “सत्कार नको. माझ्यामागं आठवीचा इतिहास कुणाला देणार, एवढं सांगा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या जूनमध्ये तो चित्रकलेच्या शिक्षकांना दिला. त्यांचे तास कमी भरत होते. आत्ता हे लिहिताना कुणाकडं आहे म्हणता? संगणकाच्या बाईंकडं. त्या बिचाऱ्या कालच मला फोन करून विचारत होत्या, “सर, वखार म्हणजे लाकडाची का?” निदान विचारतात तरी. पण मला सांगा, गणित असं कुणाच्याही गळ्यात मारतात का? गणिताला माणूस लागतो, इंग्रजीला लागतो, इतिहासाला काय, तोंड असलं की झालं? हजार वर्षांची माणसं, त्यांची भांडणं, त्यांचे रस्ते, सगळं एका शिट्टीवाल्याच्या हातात देता, आणि वर मीटिंगमध्ये त्याचं कौतुक करता! सर वारले त्याला तीन वर्षं झाली. हा राग त्यांचा आहे; माझ्याकडं नुसता मुक्कामाला आलाय आणि जायचं नाव काढत नाही.

तर, मी बदललो कसा. निकाल अडल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी, सर स्कूटर घेऊन मैदानात आले. “बस मागं.”

“कुठं सर?”

“शब्दाला इचारायला.”

गावापासून दोन-अडीच कोसांवर त्या मुलीच्या आजोबांचं रान. एप्रिल संपत आलेला. रस्ता संपला, गाडीवाट संपली, मग स्कूटर ढकलत नेली. ढकलत मी होतो, सर पुढं चालत होते. सहा एकर तांबूस दगडगोटा, कडेला बाभळी, एक काट्यांचं कुंपण, त्यात कळपाबरोबर जाऊ न शकलेली चार-पाच कोकरं. म्हातारबाबा कुंपणाला काट्या लावत होते. मुलगी कोकरांना पाणी दाखवत होती. आम्हाला बघून तिनं बादली खाली ठेवली.

“रामराम, आबा,” सर म्हणाले. “एक इचारायचं व्हतं. खुश्की म्हंजी काय हो?”

म्हातारबाबांनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. त्यांना वाटलं असणार, तहसीलमधनं मोजणीला आलेत. “ही की,” ते म्हणाले आणि पायानं एक ढेकूळ फोडलं. “आमच्या बापाच्या कागदावर निजामाच्या वक्ताला लिवलेलं. पानी असलं की त्या रानाला ‘तरी’ म्हनायचं, नसलं की खुश्की. आमची समदी खुश्की. का बरं? काय निगालंय का सरकारचं?”

“काय न्हाय,” सर म्हणाले. “ह्या मास्तरांना तुमच्याशी बोलायचंय.” आणि ते जाऊन बाभळीखाली दगडावर बसले, पाठ करून.

मी उभा. समोर म्हातारबाबा, बाजूला ती मुलगी, पायाखाली तो शब्द. मग मी बोलायला लागलो. म्हटलं, आबा, त्याचं असं झालं, मी खरा पीटीचा. तास कमी भरत होते. मग वर्कलोड म्हणजे काय ते सांगितलं. हेडसर काय म्हणाले ते सांगितलं. पुस्तकात अर्थ कसा दिलेला नाही, शब्द कसा फसवा आहे, ‘श’ आणि ‘ष’मध्ये माणूस कसा घसरतो ते सांगितलं. तुर्क सांगितले. उंट सांगितले. उंटांची घुंगरं सांगायला नको होती, पण तीही सांगितली. मुलगी कशी हुशार आहे, तिनं हात कसा वर केला होता, घंटा कशी नेमकी त्याच वेळी झाली, पेपर तपासताना माणूस कसा थकलेला असतो, ते सांगितलं. उद्या सकाळी पहिल्या घंटेला मी तो मार्क देणार, वर्गासमोर कबूल करणार, मग हेडसर काय करायचं ते करोत, असंही सांगितलं. माझं मलाच वाटलं, चांगलं बोलतोय. एक कोकरू येऊन माझ्या बुटाची नाडी चघळत होतं, तरी मी थांबलो नाही.

शेवटी दम लागला म्हणून थांबलो. म्हातारबाबांनी हातातली काटी कुंपणात नीट खोचली, हात झटकले आणि म्हणाले,

“मास्तर, चुकलं म्हनायला एवढं बोलावं लागतंय व्हय?”